पुरस्कारवाले चिनी सिनेमे आणि आपल्या डोक्यातला चीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी सिनेमा बघून बाहेर पडलं की लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढतोय. उत्तरं लहानमोठी आहेत, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

कान, व्हेनिस, बर्लिनच्या महोत्सवांत गाजलेले चिनी सिनेमे बघून चीन कळतो का?

थोडा कळतो. जे गाव आणि जे वर्ष त्या सिनेमात आहे ते बऱ्यापैकी कळतं, कारण हे दिग्दर्शक कामाला पक्के आहेत, घरातली भांडी, भिंतीवरचं कॅलेंडर, बोलायची पद्धत, सगळं नीट बघून करतात. घोटाळा पुढे होतो. शान्शी प्रांतातल्या एका कोळशाच्या गावाची गोष्ट बघून आपण म्हणतो "चीनमधे असं असतं", आणि तो देश म्हणजे १४० कोटी माणसं, उत्तरेला गहू खाणारी, दक्षिणेला भात खाणारी, एकमेकांची बोली न कळणारी. सिनेमा एका गावाबद्दल खरं बोलत असतो, आपण ते देशाच्या नावावर टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि खालची बरीच उत्तरं याच्याचभोवती फिरतात.

हे सगळं सुरू कधी झालं?

माओच्या काळातली सांस्कृतिक क्रांती, म्हणजे ती राजकीय उलथापालथ, १९७६ ला संपली, बीजिंग फिल्म अकादमीत १९७८ ला परत प्रवेश सुरू झाले आणि ती बॅच १९८२ ला बाहेर पडली. चेन काइगे, झांग यिमोऊ, तिआन झुआंगझुआंग सगळे त्याच बॅचचे. यांना पाचवी पिढी म्हणतात. यातल्या बऱ्याच जणांची तरुणपणातली वर्षं खेड्यात नाहीतर कारखान्यात कामाला पाठवल्यामुळे गेलेली, त्यामुळे खेडं त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, अंगावर घेतलेलं होतं.

१९८४ चा 'यलो अर्थ' चेन काइगेंचा, कॅमेरा झांग यिमोऊंचा. पुढच्या वर्षी हाँगकाँगच्या महोत्सवात तो दाखवला आणि लोक चक्रावले, पिवळ्या मातीचे डोंगर आणि त्यात मुंगीएवढी माणसं, असं चिनी सिनेमात कुणी बघितलंच नव्हतं. मग १९८८ ला झांग यिमोऊंच्या 'रेड सॉर्गम'ला बर्लिनचं सगळ्यात मोठं बक्षीस, गोल्डन बेअर मिळालं आणि दार सताड उघडलं. तोपर्यंत बाहेरच्या माणसाच्या डोक्यातला चीन म्हणजे निळे-राखाडी कपडे आणि सायकलींची रांग, त्याच्या जागी एकदम लाल रंग, ज्वारीचं शेत, दारूची भट्टी आणि नायिका गाँग लीचा चेहरा आला. हा बदल किती मोठा होता ते आज लक्षात येत नाही कारण आपण ते चित्र गृहीत धरूनच बसलोय.

आणि लगेच १९८९ चं तिआनानमेन झालं, बीजिंगच्या त्या चौकातलं आंदोलन सरकारने चिरडलं. त्यानंतर जो चिनी सिनेमा बाहेर जाईल त्यात लोक आधी राजकारण शोधायला लागले, ती सवय अजून गेलेली नाही.

'रेझ द रेड लँटर्न'मधे दाखवतात तसं, नवरा जिच्याकडे जाणार त्या बायकोच्या दारात कंदील लावायची प्रथा खरंच होती का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर सांगतो.

सिनेमा झांग यिमोऊंचा, १९९१ चा, व्हेनिसला सिल्व्हर लायन मिळालेला. सू तोंग यांच्या लघुकादंबरीवर आहे. श्रीमंत घर, चार बायका, त्यांच्यातली चढाओढ, हे कादंबरीत आहे, आणि श्रीमंतांच्या घरी अनेक बायका असणं हे तेव्हाच्या चीनमधे खरंही होतं. पण संध्याकाळी सगळ्या बायकांनी आपापल्या दारात उभं राहायचं, मग नोकर ओरडून सांगणार आज कुणाकडे, तिच्या अंगणात कंदील पेटणार, आणि तिच्या तळपायांवर त्या छोट्या हातोड्यांनी टकटक मालिश, हे सगळं सिनेमासाठी रचलेलं आहे. कादंबरीत नाही. पडद्यावर ते इतकं शिस्तीत चालतं, इतकं जुनं वाटतं, की बाहेरचा माणूस ते दस्तऐवज समजून घरी घेऊन जातो.

शूटिंग मात्र खऱ्या वाड्यात झालंय, शान्शी प्रांतात छी परगण्यात छिआओ कुटुंबाचा मोठा वाडा आहे, राखाडी विटांचा, एकात एक चौक असलेला. आज ते नावाजलेलं पर्यटनस्थळ आहे आणि पुष्कळ लोक हा सिनेमा डोक्यात ठेवूनच तिथे जातात.

मला स्वतःला हा सिनेमा प्रचंड आवडतो. मालकाचा चेहरा एकदाही धड दिसत नाही हे बघा, कॅमेरा मुद्दाम लांब राहतो नाहीतर पडदा मधे येतो. सत्ता कोणाची ते कळतं, पण तो कोण ते नाही. आता अशा सिनेमाला रूपक म्हणून बघायचं की प्रथांचं पुस्तक म्हणून, हे बघणाऱ्याच्या हातात आहे, आणि बाहेरच्या बऱ्याच प्रेक्षकांनी दुसरं केलं.

मग झांग यिमोऊंनी परदेशी लोकांना फसवलं असं म्हणायचं का?

चीनमधे असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पत्रकार दाय छिंग यांनी 'रेड लँटर्न'वर कडक लिहिलं होतं, मुख्य मुद्दा हाच की असल्या गोष्टी आमच्याकडे घडत नाहीत आणि हे बाहेरच्या नजरेसाठी सजवलंय. दाय छिंग या काही सरकारच्या बाजूच्या नव्हेत, त्या १९८९ नंतर तुरुंगात जाऊन आलेल्या बाई, त्यामुळे हा आक्षेप "सरकारी टीका" म्हणून बाजूला टाकता येत नाही.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. १९८० मधे राज्यसभेच्या खासदार असताना नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच आरोप केला होता, की ते भारताची गरिबी परदेशात विकतात. रायच्या सिनेमाबद्दल तो आरोप मला तेव्हाच्या गोष्टी वाचतानाही अन्यायाचा वाटला आणि झांग यिमोऊंबद्दलही पूर्ण पटत नाही, पण थोडा पटतो. त्यांचा 'टू लिव्ह' बघा. यू हुआंच्या कादंबरीतला फूग्वेई शेवटी एक म्हातारा शेतकरी, सोबतीला फक्त बैल, बाकी घरातली सगळी माणसं गेलेली. सिनेमात त्याच्या हातात सावल्यांच्या बाहुल्यांची पेटी दिली, तो बाहुल्या नाचवतो, गातो. सुंदर आहे, शंका नाही, पण ती पेटी कादंबरीत नाही, आणि दिसायला "चिनी" काहीतरी हवं ही गरज त्यात थोडी तरी आहेच ना.

पैशाचाही भाग आहे. झांग यिमोऊंच्याच 'जू दोऊ'मधे जपानी पैसा होता, 'रेड लँटर्न'मागे हाँगकाँग-तैवानकडचे निर्माते होते, आणि ऑस्करला तो हाँगकाँगच्या नावाने गेला. बाहेरचा पैसा आला की बाहेरचा प्रेक्षक पण डोक्यात येतोच. पण हेही लक्षात ठेवा की 'रेड सॉर्गम' चीनमधे धो धो चालला होता, त्यातली गाणी लोक रस्त्यावर ओरडत होते. फक्त परदेशासाठी बनवला असता तर असं झालं नसतं.

'द स्टोरी ऑफ चिऊ जू' हा सिनेमा सरकारविरोधी आहे का?

बाहेर बरेच जण तसंच बघतात, एक गरीब बाई आणि तिच्यासमोर नोकरशाहीची भिंत. मला वाटतं त्यात असं बघणं म्हणजे अर्धाच सिनेमा बघणं.

गोष्ट अशी. गावच्या मुखियाने चिऊ जूच्या नवऱ्याला नको तिथे लाथ मारली. कारण काय तर नवऱ्याने त्याला डिवचलं होतं की तुला नुसत्या मुलीच होतात. चिऊ जू पोटुशी आहे, तिला पैसे नकोत, तिला मुखियाने चूक कबूल करायला हवीये. मुखिया नोटा जमिनीवर फेकतो, म्हणजे उचलताना वाकावं लागेल. ती उचलत नाही. मग लाल मिरच्या गाडीवर लादून बाजारात विकते, त्या पैशातून तालुका, जिल्हा, शहर, एकेक पायरी वर चढत जाते, नणंद सोबत.

आता बघा, रस्त्यात भेटणारे अधिकारी वाईट नाहीत. ठाण्यातला ली साहेब मनापासून समेट घडवायला बघतो, केक घेऊन येतो. आणि तिची प्रसूती अडते तेव्हा रात्री तिला खांद्यावरच्या बाजेवरून दवाखान्यात पोचवायला कोण पुढे येतो, तोच मुखिया. बाळ महिन्याचं होतं, गावजेवण असतं, ती त्याला आग्रहाने बोलावते, आणि नेमकं तेव्हाच कायद्याचं चाक फिरून त्याला पंधरा दिवस आत टाकायला पोलीस येतात. ती पळत रस्त्यावर येते, सायरनचा आवाज, आणि तिचा तो गोंधळलेला चेहरा. तिला हे नको होतं.

नागरिकाला सरकारी निर्णयाविरुद्ध कोर्टात जायची मुभा देणारा कायदा चीनमधे १९८९ ला मंजूर झाला आणि १९९० ला लागू झाला. सिनेमा झांग यिमोऊंचाच, १९९२ चा. गावची भांडणं गावातल्या नात्यांनी मिटायची, आता कागदाने मिटणार, या बदलाच्या अगदी तोंडावर तो उभा आहे, आणि शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला का हा त्याचा खरा प्रश्न आहे. ज्याला गाव माहितीये त्याला हे लगेच समजेल, भावकीतला एखादा वाद कोर्टात गेल्यावर काय होतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. गाँग ली आणि दोनचार जण सोडले तर बाकी सगळी खरी माणसं, बाजारातली गर्दी लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली. व्हेनिसचं सगळ्यात मोठं बक्षीस, गोल्डन लायन मिळालं, गाँग लीला अभिनयाचं पण, आणि चीनमधेही त्याचं कौतुक झालं. आधी अडकवून ठेवलेले 'जू दोऊ' आणि 'रेड लँटर्न' पण त्याच वर्षी तिकडे मोकळे झाले.

परदेशात कुठल्याही चिनी सिनेमात राजकारणच का शोधतात?

याच्यावर खुद्द झांग यिमोऊच चिडले होते. १९९९ ला त्यांनी कान महोत्सवातून आपले दोन सिनेमे काढून घेतले, 'नॉट वन लेस' आणि 'द रोड होम', आणि उघड पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की तुम्ही चिनी सिनेमा बघता तेव्हा तुमच्याकडे दोनच खण आहेत, एक सरकारविरोधी आणि एक सरकारी प्रचार, आणि सगळं त्यातच कोंबता. मग 'नॉट वन लेस' त्याच वर्षी व्हेनिसला गेला आणि गोल्डन लायन घेऊन आला, 'द रोड होम'ला पुढच्या वर्षी बर्लिनला ज्यूरीचं मोठं बक्षीस.

कोणी म्हणेल झांगसाहेब नंतर सरकारच्या जवळच गेले, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याचं दिग्दर्शन त्यांनीच केलं. बरोबर आहे. पण माणसाचं पुढे काय झालं त्यावरून त्या पत्रातला मुद्दा खोटा ठरत नाही.

"चीनमधे बंदी" असं पोस्टरवर लिहिलेला सिनेमा जास्त खरा असतो का?

बंदी हा सिनेमाच्या नशिबाचा भाग आहे, त्याच्या खरेपणाचं प्रमाणपत्र नाही. पण बंदी घालतात हे खरंय आणि ते हलकं घेण्यासारखं अजिबात नाही. तिआन झुआंगझुआंग यांचा 'द ब्लू काइट' १९९३ चा, एका बीजिंगच्या मुलाच्या नजरेतून पन्नास-साठच्या दशकातल्या राजकीय मोहिमा, त्यापायी त्यांना काही वर्षं काम करू दिलं नाही. एका चांगल्या दिग्दर्शकाची उमेदीची वर्षं गेली. 'टू लिव्ह' कानला ग्रां प्री घेऊन आला, त्यातला नायक गे योऊला उत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं, आणि चीनच्या थिएटरात लागला नाही.

दिग्दर्शक जिया झांगकेंचे पहिले तीन मोठे सिनेमे, 'शिआओ वू', 'प्लॅटफॉर्म', 'अननोन प्लेझर्स', परवानगी न घेताच केलेले, थिएटरात नाहीत, पण पायरेटेड डीव्हीडीवर चिनी पोरांनी ते भरपूर बघितले. 'अननोन प्लेझर्स'मधेच एक पात्र डीव्हीडी विकणाऱ्या पोराकडे 'शिआओ वू' आहे का, 'प्लॅटफॉर्म' आहे का असं विचारतं. म्हणजे "बंदी आहे म्हणजे त्यांनी बघितलाच नसेल, आम्हालाच खरं माहिती" हा जो बाहेरच्या प्रेक्षकाचा समज असतो तो पण चुकीचा.

एकच सिनेमा सुचवा ज्यात आजच्या जवळचा चीन दिसतो.

'स्टिल लाइफ', २००६, जिया झांगके, व्हेनिसचं गोल्डन लायन. वीस वर्षं होत आली तरी मी हेच नाव घेतो.

यांग्त्से नदीवर थ्री गॉर्जेस धरण झालं, पाणी चढत गेलं, दहा लाखांहून जास्त लोक हलवले. फंगजे नावाचं दोन हजार वर्षांचं जुनं गाव पाण्याखाली जाणार म्हणून हातोड्याने पाडायचं काम चालू होतं. जिया तिथे गेले होते एका चित्रकारावर माहितीपट करायला, लिऊ शिआओदोंग यांच्यावर, आणि गाव बघून तिथेच सिनेमा सुरू केला. त्यामुळे मागे पडणाऱ्या इमारती सेट नाहीत, खऱ्या पडतायत.

सान्मिंग नावाचा खाणकामगार शान्शीतून येतो, सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेली बायको आणि मुलगी शोधायला. हातात पत्ता आहे. मोटरसायकलवाला त्याला पैसे घेऊन नदीकाठी आणतो आणि पाण्याकडे बोट दाखवतो, ती तुझी गल्ली. भूमिका करणारा हान सान्मिंग जियांचा मावस-चुलत नात्यातला भाऊ आहे आणि खरोखर खाणीत काम केलेला माणूस आहे, त्याला रडून दाखवावं लागत नाही, तो नुसता उभा राहतो.

एक प्रसंग सांगतो. पाडकाम करणारे मजूर बसलेत, एक जण दहा युआनची नोट काढतो, तिच्या मागच्या बाजूला खिंडीचं चित्र आहे, ते बघ, हे आमचं. सान्मिंग पन्नासची काढतो, त्यावर पिवळ्या नदीचा हुखोऊ धबधबा, हे आमच्याकडचं. दोघं नोटा बघतात. नंतर सान्मिंग तीच दहाची नोट खऱ्या खिंडीसमोर धरून बघतो. ज्या मजुराला दिवसभर राबून अशा नोटा मिळतात त्याच्या गावाचं चित्र त्याच नोटेवर छापलंय, आणि गाव पाण्यात चाललंय. कोणी भाषण करत नाही.

परदेशात याच्यावर लिहिताना बहुतेक जण धरण, पर्यावरण, विस्थापन एवढंच पकडतात. ते आहेच. पण सिनेमाच्या मधे मधे सिगारेट, दारू, चहा, गोळ्या अशी नावं पडद्यावर येतात, म्हणजे चिनी माणूस दुसऱ्याच्या घरी जाताना, ओळख काढताना, मन वळवताना जे हातात घेऊन जातो त्या वस्तू. सान्मिंग मेव्हण्याकडे जाताना दारूची बाटली घेऊन जातो. गाव बुडत असतानाही माणसं रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाहीत, चीनमधलं राहणं म्हणजे काय ते मला तिथे जास्त कळलं.

आणि हो, हा सिनेमा चीनमधे रीतसर लागला, १४ डिसेंबर २००६ ला, झांग यिमोऊंच्या सोन्याने मढवलेल्या 'कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर'च्या बरोबर त्याच दिवशी, आणि जियांनी ते मुद्दाम केलं होतं. प्रेक्षक कुठे गेले ते सांगायला नको.

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' जगभर चालला, मग चीनमधे का नाही?

जगात तुफान, अमेरिकेतच साधारण १२८ दशलक्ष डॉलर, चार ऑस्कर, आणि चीनमधे बेताचाच. कारणं सोपी आहेत. तलवारबाजांच्या कथा तिकडची पोरं लहानपणापासून वाचतात, टीव्हीवर बघतात, झाडांवरून उडणारी माणसं त्यांना नवीन नव्हती. शिवाय बोलणं. चाऊ युन-फॅट हाँगकाँगचे, मिशेल यो मलेशियाच्या, चँग चेन तैवानचे, झांग झियी बीजिंगची, सगळे एकाच जुन्या काळातले म्हणून मँडरीन बोलतायत आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. सबटायटल वाचणाऱ्याला यातलं काहीच ऐकू येत नाही.

हाँगकाँग आणि तैवानचे सिनेमे यात धरायचे का?

भाषा चिनी, आयुष्य वेगळं. वाँग कार-वाईंचा 'इन द मूड फॉर लव्ह' हा १९६२ च्या हाँगकाँगमधे शांघायहून आलेल्या लोकांचा सिनेमा, आणि गल्ल्या बऱ्याचशा बँकॉकमधे शूट केलेल्या. एडवर्ड यांगचा 'यी यी' तैपेईतल्या मध्यमवर्गीय घराचा. हे बघून बीजिंगबद्दल मत बनवू नका, एवढंच.

चिनी लोक स्वतः काय बघतात?

इथे खरी दरी आहे. २०१९ मधे चीनमधे हजारावर सिनेमे बनले, त्यातले आपल्यापर्यंत बोटावर मोजण्याइतके येतात, आणि जे येतात ते महोत्सवाच्या चाळणीतून.

नट वांग बाओछिआंगचं उदाहरण घ्या. २००३ च्या 'ब्लाइंड शाफ्ट'मधे तो खाणीत मारायला आणलेला भोळा पोरगा, बर्लिनला बक्षीस मिळालेला अंगावर येणारा सिनेमा, चीनमधे परवानगी नाही. परदेशी समीक्षकांना तो पोरगा आठवतो. चीनमधे तोच माणूस विनोदी स्टार, २०१२ चा 'लॉस्ट इन थायलंड', थायलंडला निघालेल्या लोकांची धमाल, एक अब्ज युआनच्या वर गेलेला पहिला चिनी सिनेमा. हसणारा, टूरला जाणारा, ट्रॅफिकमधे अडकलेला चिनी माणूस आपण बघतच नाही, कारण त्याला बर्लिन बोलवत नाही.

'डाइंग टू सर्व्हाइव्ह', २०१८, हा तर आपल्यासाठी अगदी जवळचा. ब्लड कॅन्सरचं परदेशी कंपनीचं औषध चीनमधे परवडेना म्हणून एक जण भारतातून स्वस्त जेनेरिक गोळ्या आणून रुग्णांना पुरवतो. खऱ्या गोष्टीवर आहे, लू योंग नावाच्या रुग्णावर खटला भरला होता आणि २०१५ ला तो मागे घेतला. सिनेमाने तीन अब्ज युआनच्या वर कमावले, लोक थिएटरात रडले, आणि तेव्हाचे पंतप्रधान ली खछिआंग यांनी त्याचा उल्लेख करून औषधांच्या किमती कमी करायला सांगितलं. आजारपण, घरावर चढलेलं कर्ज, आणि औषधासाठी रांग, हे शहरी चिनी माणसाचं खरं टेन्शन. सरकारवर टीका आहे, परवानगीही आहे, हिट पण आहे, आता झांगसाहेबांच्या त्या दोन खणांपैकी कुठल्यात टाकणार?

'रिटर्न टू डस्ट'वरून तिकडे भांडण का झालं?

कान्सू प्रांतातलं एक गरीब, घरच्यांनी ओवाळून टाकलेलं जोडपं, गाढव, मातीच्या विटा थापून स्वतः बांधलेलं घर. ली रुईजुन यांचा २०२२ चा सिनेमा, बर्लिनला स्पर्धेत होता. नवऱ्याचं काम करणारे वू रेनलिन हे खरेच शेतकरी आणि दिग्दर्शकाच्या नात्यातले. बायकोचं काम हाय छिंगचं, ती टीव्हीवरची नावाजलेली नटी.

चीनमधे आधी फारसं कोणी गेलं नाही, मग तोंडी प्रसिद्धीने आणि छोट्या व्हिडिओंमुळे उचलला आणि दहा कोटी युआनच्या वर गेला. दोन तट पडले. एक म्हणत होते की आजच्या काळात असं दारिद्र्य दाखवणं म्हणजे पाश्चात्यांना खूश करणं, दुसरे म्हणत होते आमचे काका-आजोबा असेच आहेत. सप्टेंबरात तो ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून गायब झाला.

माझं मत स्पष्ट आहे. सिनेमा कुणाला खूश करायला बनवलेला नाही, त्यातला माणूस उधारीच्या दहा अंड्यांचा हिशोबही चुकवत नाही, इतक्या मायेने त्याच्याकडे बघितलंय. पण चीनची निम्म्याहून जास्त लोकसंख्या २०११ पासून शहरात राहते, २०२० च्या जनगणनेत ते प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि जगात पोचणारे चिनी सिनेमे मात्र अजून बऱ्याचदा मातीच्या घरातलेच. वैताग येणाऱ्यांचं पण समजू शकतो.

या सिनेमांमुळे चिनी बायकांबद्दल काय चित्र तयार झालंय?

सुंदर, बंदिस्त आणि सोसणारी. गाँग लीच्या सुरुवातीच्या भूमिकांनी ते पक्कं केलं, यात तिचा दोष नाही, ती फार मोठी नटी आहे. उतारा हवा असेल तर शाओ यीहुई या दिग्दर्शिकेचे सिनेमे बघा, २०२१ चा 'बी फॉर बिझी' शांघायच्या बोलीतला, चाळिशीपुढच्या मंडळींची प्रेमं, आणि २०२४ चा 'हर स्टोरी', एकटी आई, तिची मुलगी आणि शेजारीण. चीनमधे जोरात चालला. जेवणाच्या टेबलावर चाललेल्या गप्पाच बघण्यासारख्या.

आपण चीनला सिनेमातून बघतो तसं ते आपल्याला बघतात का?

हो, आणि खूप वर्षांपासून. 'आवारा' पन्नासच्या दशकात तिकडे गेला आणि परत सांस्कृतिक क्रांतीनंतरही, जियांच्या 'प्लॅटफॉर्म'मधली शान्शीतल्या फनयांगची पोरं थिएटरात तोच बघत बसलेली दिसतात. २०१७ ला 'दंगल'ने तिकडे जवळपास १.३ अब्ज युआन कमावले. हरियाणातल्या एका घरावरून चिनी प्रेक्षकांनी भारताबद्दल काय काय ठरवलं असेल याचा विचार केला की आपण 'रेड लँटर्न'वरून काय ठरवतो ते लक्षात येतं.

आणि उलट्या बाजूने आपणही चीन उभा केलाय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे लग्न केलं, १९४२ ला तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ ला त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' केला, स्वतः डॉक्टर झाले आणि चिनी बायकोचं काम जयश्रीबाईंनी केलं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या किती जणांनी चीन पहिल्यांदा तिथेच बघितला असेल.

बोली समजत नाही, मग काय काय हातचं जातं?

पुष्कळ. पण फार वाईट वाटून घेऊ नका, जियांच्या सिनेमातली फनयांगकडची बोली बाकीच्या चिनी प्रेक्षकांनाही धड कळत नाही, तेही खाली चिनी अक्षरं वाचतात.

बघायला सुरुवात करताना काय डोक्यात ठेवू?

तीन गोष्टी बघा, कुठला प्रांत, कुठलं वर्ष, आणि चीनमधे तो लागला होता का. नकाशा उघडून गाव शोधा, खरंच शोधा, शान्शी आणि शांघायमधे किती अंतर आहे ते बोटाने मोजलं की अर्धे गैरसमज जातात. आणि एक महोत्सवातला बघितला की एक तिकडे गर्दी खेचलेला बघा, 'ब्लाइंड शाफ्ट' आणि 'लॉस्ट इन थायलंड' पाठोपाठ बघून पाहा. गोव्याच्या इफ्फीत, पुण्याच्या पिफमधे किंवा मुंबईत महोत्सवाला जाणार असाल तर तिथे पहिल्या प्रकारचेच मिळतील, दुसरे ऑनलाइन शोधावे लागतात.

आई-बाबांबरोबर बघता येईल असा एखादा?

'नॉट वन लेस'. खेड्यातल्या शाळेत तेरा वर्षांची पोरगी बदली शिक्षिका, एकही पोर कमी होऊ द्यायचं नाही या अटीवर. एक जण शहरात पळतो, त्याला आणायला बसचं भाडं हवं, म्हणून सगळा वर्ग विटा वाहतो आणि किती विटा, किती पैसे, किती तिकिटं हे फळ्यावर मांडतो, गणिताचा तास आपोआप होऊन जातो. उरलेल्या पैशात कोकाकोलाचे दोन कॅन घेतात आणि सगळी पोरं एकेक घोट पितात. कलाकार सगळे खरे गावकरी, बहुतेकांची नावंही पडद्यावर तीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या किंवा शिकवलेल्या कुणालाही यात काहीच समजावून सांगावं लागत नाही, फक्त सबटायटल मोठ्या अक्षरात लावा.